नव्या जातीला नाव देण्याआधी

शिवाजी विद्यापीठात प्राणिशास्त्राचे एम.एस्सी. करत असताना नव्या जाती जंगलात सापडतात, असाच माझा समज होता. पालींच्या वर्गीकरणात सहा वर्षे काढल्यावर आता एवढे कळले आहे की जंगलात नुसती एक पाल सापडते. ती नवी आहे की नाही याचा निकाल टेबलावर लागतो, आणि तो लावण्यासाठी त्या पालीपेक्षा तिच्याआधी नाव मिळालेल्या तिच्या सगळ्या भाऊबंदांकडे अधिक पाहावे लागते. या विषयाकडे वळू पाहणारे विद्यार्थी हल्ली बरेच प्रश्न विचारतात, म्हणून माझा अनुभव, माझ्या चुकांसकट, येथे लिहीत आहे.

प्रथम शब्दांबद्दल थोडेसे. वर्तमानपत्रे ‘नवी प्रजाती’ लिहितात; मराठीतील शास्त्रीय परिभाषेत मात्र स्पीशीज म्हणजे जाती आणि जीनस म्हणजे प्रजाती. विज्ञानाच्या मराठी पुस्तकातून आलेला विद्यार्थी आणि बातम्या वाचून आलेला विद्यार्थी एकाच शब्दाने दोन वेगळ्या गोष्टी बोलतात, आणि पहिल्या तोंडी परीक्षेत हा घोळ हमखास होतो. मी या लेखात स्पीशीजला जाती म्हणत आहे.

माझी पहिली चूक कोल्हापूर जिल्ह्यातील दाजीपूरची आहे. पावसाळा ओसरताना, जळवा झटकत आम्ही ओढ्याकाठचे दगड पाहत होतो, तेव्हा मला एक इवलीशी पाल दिसली. तिच्या डोळ्यात गोल बाहुली होती, म्हणजे ती दिवसा वावरणाऱ्या निमास्पिस प्रजातीची होती हे उघड होते. परंतु तिच्या अंगावरचे ठिपके माझ्याजवळच्या कोणत्याही छायाचित्राशी जुळत नव्हते आणि मांडीवर ग्रंथींची बारीक छिद्रेही नव्हती. त्या रात्री मी मनातल्या मनात तिचे बारसे उरकून टाकले. दुसऱ्या दिवशी मार्गदर्शकांनी छायाचित्र पाहून एवढेच विचारले, “नर आहे का?” निमास्पिसमध्ये मांडीवरची आणि गुदद्वारापुढची छिद्रे असलीच तर ती नरातच दिसतात, आणि मी पाहिलेले ते एक पिल्लू होते. नर, मादी आणि पिल्लू असे तिन्ही पाहिल्याशिवाय, तसेच एकाच जातीतील प्राण्यांत किती फरक असू शकतो हे माहीत झाल्याशिवाय, दोन जातींमधील फरकाविषयी बोलता येत नाही. म्हणूनच नवशिक्याने पहिले वर्ष नव्या जातींच्या शोधात न घालवता आपल्या तालुक्यातील ज्ञात जाती ओळखण्यात घालवावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्यासाठी चांगला नमुनापाठ आपल्या जिल्ह्यातच आहे. सरीसृपांचे अभ्यासक वरद गिरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली दाजीपूर परिसरातील जमिनीवर वावरणाऱ्या एका पालीचे वर्णन केले आणि तिला निमास्पिस कोल्हापुरेन्सिस हे नाव दिले. तिच्या खवल्यांवर इंद्रधनुषी झाक असते आणि नरांमध्ये छिद्रांची ओळ मध्ये खंड न पडता चालू राहते. हे वर्णन वाचताना पाल किती सुंदर आहे याकडे लक्ष देऊ नका. ती ज्यांच्यापासून वेगळी काढली आहे त्या जातींची नावे आणि प्रत्येकीच्या बाबतीत दिलेला फरक एका कोऱ्या तक्त्यात उतरवून काढा. मी हे हाताने केले तेव्हा मला पहिल्यांदा उमगले की वर्णनातील खरा ऐवज या तुलनेच्या परिच्छेदात असतो.

प्राण्यांच्या नावांचा हिशेब १७५८ सालापासून, म्हणजे जातींना दुहेरी नावे देण्याची पद्धत रूढ करणाऱ्या लिनियसच्या ‘सिस्टिमा नॅचुरी’ या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीपासून धरला जातो, आणि एकाच जातीला दोन नावे पडली असतील तर सामान्यतः जुने नाव टिकते. त्यामुळे आपली पाल नवी आहे असे म्हणताना गेल्या अडीचशेहून अधिक वर्षांत कोणीही तिला नाव दिलेले नाही, असा दावा आपण करत असतो. जुन्या इंग्रज अभ्यासकांची वर्णने कधी चार ओळींची असतात, ठिकाण म्हणून नुसते ‘मलबार’ लिहिलेले असते आणि मूळ नमुना लंडनच्या संग्रहालयात असतो. तो नमुना स्वतः पाहावा किंवा त्याची नीट छायाचित्रे मिळवावीत. केवळ जुन्या वर्णनावर विसंबून राहिलेले अनेक शोध पुढे जुन्याच नावात विरघळून गेले आहेत. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नमुना गोळा होण्यापासून त्याचे वर्णन छापले जाईपर्यंत सरासरी २१ वर्षे जातात असे आढळले होते. तो आकडा मला पूर्वी अतिशयोक्त वाटत असे.

नमुने गोळा करण्याआधी वनविभागाची लेखी परवानगी हातात असली पाहिजे. अभयारण्यात तर त्याशिवाय एक दगडही उलथू नये. माझी दुसरी चूक परवानगी मिळाल्यानंतरची आहे. पहिले दोन नमुने मी थेट फॉर्मेलिनमध्ये टाकले आणि खवले उत्तम टिकले म्हणून खूश झालो. डीएनए काढायची वेळ आली तेव्हा त्यातून काहीच उपयोगाचे निघाले नाही, कारण फॉर्मेलिनमुळे डीएनए खराब होतो. आधी जिवंतपणी छायाचित्र काढावे, कारण रंग अल्कोहोलमध्ये उडतो; मग यकृताचा किंवा शेपटीचा तुकडा तीव्र इथेनॉलमध्ये ठेवावा; त्यानंतर नमुना फॉर्मेलिनमध्ये घट्ट करून कायमसाठी ७० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवावा. चिठ्ठी शिसपेन्सिलीने लिहावी. बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये पसरते आणि ठिकाण न कळणारी पाल कितीही दुर्मीळ असली तरी जवळजवळ निरुपयोगी असते.

डीएनएविषयी विद्यार्थ्यांचा मोठा गैरसमज आहे. पालींसाठी बहुधा एनडी२ नावाचे मायटोकाँड्रियातील जनुक वापरतात आणि त्यातील फरकाची टक्केवारी काढतात. ही टक्केवारी आधार म्हणून मोलाची आहे, पण अमुक टक्क्यांपुढे नवी जाती, अशी सर्वमान्य रेषा नाही. खवल्यांची मोजणी, छिद्रांची संख्या, चौथ्या बोटाखालच्या पट्ट्या, राहण्याची जागा आणि जनुक या सगळ्यांची साक्ष एकाच दिशेने जात असेल तरच पुढे जावे. मोजणी दोन वेगळ्या दिवशी दोनदा करावी. माझ्या दोन दिवसांच्या आकड्यांत पडलेला फरक कधीकधी दोन जातींमधल्या फरकाएवढा भरला होता!

नाव देण्याचे नियम प्राणिनामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेत आहेत. तिची चौथी आवृत्ती २००० च्या १ जानेवारीपासून लागू आहे आणि २०१२ पासून केवळ इंटरनेटवर निघणाऱ्या नियतकालिकातील नावेही काही अटींवर ग्राह्य धरली जातात. झूबँक या प्राण्यांच्या नावांच्या अधिकृत नोंदवहीतील नोंद ही त्यांपैकी एक अट. नव्या जातीसाठी होलोटाइप, म्हणजे ज्या एका नमुन्याला ते नाव कायमचे बांधले जाते तो नमुना, स्पष्ट नोंदवावा लागतो. तो घरच्या कपाटात ठेवू नये. जैवविविधता कायदा, २००२ प्रमाणे नव्या प्राण्याचा नमुना नेमलेल्या संग्रहालयात जमा करावा लागतो. भारतीय प्राणी सर्वेक्षण विभागाचे पुण्यातील केंद्र आपल्याला त्यातल्या त्यात जवळचे आहे.

नावाचे व्याकरणही सांभाळावे लागते. स्थळावरून नाव देताना ‘एन्सिस’ लागते, पुरुषावरून देताना शेवटी ‘आय’ हे अक्षर, स्त्रीवरून देताना ‘ए-ई’. साताऱ्याच्या कास परिसरातून २०१४ मध्ये वर्णिलेल्या निमास्पिस गिरीआय (girii) या नावात शेवटी दोन ‘आय’ येतात ते याच कारणाने. स्वतःचे नाव देण्यास संहितेत बंदी नाही, तरी ते कोणी करत नाही. नाव सुचवण्यावरून सहलेखकांत रुसवेफुगवे होतात हे मात्र मी पाहिले आहे, म्हणून ते आधीच ठरवून घ्यावे.

नोकरीबद्दल स्पष्ट सांगायचे तर निव्वळ वर्गीकरणाच्या जागा थोड्या आहेत. नेट उत्तीर्ण व्हावे, महाविद्यालयीन अध्यापनाची वाट खुली ठेवावी आणि पीएच.डी.साठी मार्गदर्शक निवडताना त्यांचा स्वतःचा नमुनासंग्रह आहे का, हे विचारावे. पैसे घेऊन आठवड्यात लेख छापणाऱ्या नियतकालिकांपासून दूर राहावे. झूटॅक्सासारख्या नियतकालिकात खुल्या प्रवेशाचा आग्रह नसेल तर लेखकाला पैसे मोजावे लागत नाहीत.

आमच्या एका पालीचे हस्तलिखित सध्या परीक्षकांकडून दुसऱ्यांदा परत आले आहे. तिचे नाव मी येथे लिहीत नाही, कारण वर्णनाशिवाय छापलेल्या नावाला शास्त्रात काहीही स्थान नसते आणि उगाच गोंधळ मात्र होतो. परीक्षकांनी आणखी एका प्रौढ नराची मागणी केली आहे. आमच्याकडे चार माद्या आणि एकच नर आहे, त्याचीही शेपूट तुटलेली. परवानगीची मुदत वाढवून मिळाली आहे. पहिला पाऊस पडून कातळ ओला झाला की पुन्हा राधानगरीची गाडी धरायची आहे.