थंडी सरली, ऊन लागलं : नाशिककरांनो, गाडीच्या बाबतीत या चुका टाळा

होळी पेटली की थंडी पळते असं म्हणतात आणि नाशकात ते जवळपास खरंच असतं. जानेवारीत निफाडकडे पारा पाच-सहावर, द्राक्षं वाचवायला बागेत शेकोट्या, आणि दोन महिन्यांत असं ऊन की दुपारी उघड्यावर लावलेल्या गाडीच्या स्टिअरिंगला हात लावता येत नाही. या बदलाचा गाडीला त्रास होतो पण तो लगेच दिसत नाही, गाडी चालू असते, सेल्फ एका दमात लागतो, मग कशाला बॉनेट उघडायचं असं आपल्याला वाटतं. आणि मग चैत्रात सप्तशृंगी गडावर निघालो की नेमकं घाटात काहीतरी होतं, पोरंबाळं, म्हातारी माणसं गाडीत असताना. म्हणून पाडव्याच्या आत गाडी नीट बघून घ्या, आणि बघताना ज्या चुका मी केल्या किंवा आजूबाजूला सारख्या होताना बघतो त्या करू नका.

सगळ्यात महागातली चूक एसीची. नोव्हेंबर ते फेब्रुवारी आपण एसीला हातच लावत नाही, काचा खाली केल्या की गार वारा फुकट. पण एसीच्या कॉम्प्रेसरचं ऑइल गॅसबरोबरच पाइपांमधून फिरतं, एसी चार महिने बंद म्हणजे सील आणि रबरी रिंगा कोरड्या, आणि कोरड्या रिंगेतून गॅस हळूहळू निघून जातो. मार्चमध्ये एसी लावला तर हवा कोमट, आपण गॅरेजला जातो, तो म्हणतो गॅस संपलाय भरून देतो. इथेच थांबा. एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही, तो बंद पाइपांत गोल फिरत असतो, बराच कमी झालाय याचा अर्थ कुठूनतरी लीक आहे. मी एका वर्षी मार्चमध्ये गॅस भरला, अक्षय तृतीयेपर्यंत हवा परत कोमट, परत भरला, परत तेच, दोनदा पैसे गेले आणि तिसऱ्या ठिकाणी त्या माणसाने आधी प्रेशर टाकून लीक शोधला तर कंडेन्सरच्या (एसीचा गॅस गार करणाऱ्या पुढच्या जाळीच्या) जॉइंटची एक छोटीशी रबरी रिंग गेली होती. ती रिंग किती रुपयांची असते ते विचारून बघा एकदा. म्हणजे क्रम असा, आधी लीक टेस्ट, मग दुरुस्ती, मग व्हॅक्यूम मारून पाइपातली हवा आणि ओल काढायची, आणि मग गॅस वजन करून भरायचा, किती ग्रॅम ते बॉनेटखालच्या स्टिकरवर असतं, नुसत्या अंदाजाने भरून घेऊ नका. गॅस कमी असताना तसाच एसी चालवत राहिलात तर ऑइलसुद्धा नीट फिरत नाही आणि कॉम्प्रेसर बसला की खर्च पाच आकड्यात जातो. पुढच्या हिवाळ्यापासून आठवड्यातून एकदा दहा मिनिटं एसी लावायचा, कितीही थंडी असो. सकाळी काचेवर आतून वाफ धरते ती पण त्याने लगेच जाते.

गॅसच्या आधी अजून दोन गोष्टी बघायच्या ज्या घरी होतात. केबिन फिल्टर, तो बहुतेक गाड्यांत डॅशबोर्डच्या कप्प्यामागे असतो, काढून बघा, आमच्या गाडीत अख्ख्या हिवाळ्याचा धुरळा आणि कडुनिंबाच्या काड्या निघाल्या होत्या, एसी गार आहे पण वारा येत नाही ही तक्रार तिथेच मिटते. दुसरं, रेडिएटरच्या पुढे असलेला कंडेन्सर, त्याच्या जाळीत मेलेले किडे आणि माती बसते, ती साध्या पाण्याने हळू धुवायची, वॉशिंग सेंटरचा प्रेशर गन जवळून मारला तर पत्र्याच्या बारीक पट्ट्या वाकतात आणि मग हवाच जात नाही.

आता टायर, हा जिवाचा विषय आहे म्हणून जरा सविस्तर. चूक अशी की लोक दुपारी, गाडी वीस-पंचवीस किलोमीटर चालवून पंपावर हवा चेक करतात, मीटर ३७-३८ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) दाखवतो, मग उन्हाळा आहे टायर फुटेल म्हणून ३३ पर्यंत हवा सोडून देतात. हे उलटं आहे! तापमान पाच-सहा अंशांनी वाढलं की टायरची हवा साधारण एक पीएसआयने वाढते, आणि आपल्याकडे फाल्गुनात पहाटे १४-१५ अंश आणि दुपारी ३५ असतं, वर टायर रस्त्यावर घासून तापतो ते वेगळंच. कंपनीने दिलेला आकडा थंड टायरचा असतो, तापल्यावर हवा चार-पाच पीएसआयने वाढणार हे त्यांनी धरलेलंच असतं. तुम्ही गरम टायरमधली हवा काढली की दुसऱ्या दिवशी सकाळी तोच टायर २८-२९ वर, आणि कमी हवेचा टायर बाजूने जास्त दबतो, दबल्याने जास्त तापतो, आणि भरधाव असताना तोच फुटतो. भरवीरवरून समृद्धीला लागायचं असेल तर हे पक्कं डोक्यात ठेवा, तिथे काँक्रीटचा सरळ रस्ता आणि तास-तासभर एकाच वेगाने गाडी पळते. त्यामुळे हवा सकाळी, घरातून निघाल्यावर पहिल्या किलोमीटर-दोन किलोमीटरमध्येच भरा, आकडा ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर असतो, आणि गाडी माणसांनी आणि सामानाने फुल असेल तर त्यासाठी वेगळा जास्तीचा आकडा तिथेच दिलेला असतो. स्टेपनी विसरू नका. टायरच्या बाजूला चार अंकी तारीख असते, २३१९ असेल तर २०१९ सालच्या २३व्या आठवड्यात बनलाय, नक्षी कितीही चांगली दिसली तरी सहा-सात वर्षांचं रबर कडक झालेलं असतं, बारीक भेगा दिसल्या की बदला.

कूलंटबद्दल एक समज फार घट्ट बसलाय, आपल्याकडे बर्फ पडत नाही मग कूलंट कशाला, पाणीच टाक. कूलंट गोठू नये म्हणून असतं हे अर्धंच खरं, ते पाण्यापेक्षा उशिरा उकळतं आणि इंजिन-रेडिएटर आतून गंजू देत नाही, आपल्याला त्याची गरज उन्हाळ्यातच जास्त आहे. बोअरचं पाणी टाकाल तर हंड्याच्या बुडाला बसतो तसा पांढरा क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांमध्ये बसतो आणि मग घाटात इंजिनच्या तापमानाचा काटा वर जातो. कंपनीने सांगितलंय तेच कूलंट घ्या, रेडीमिक्स नसेल तर निम्मं डिस्टिल वॉटर, हिरवं आणि लाल एकमेकांत मिसळू नका. आणि गाडी तापली म्हणून रस्त्याकडेला उभी केली असेल तर हात जोडून सांगतो, रेडिएटरचं झाकण लगेच उघडू नका, आत प्रेशरखाली उकळतं पाणी असतं, ते सरळ तोंडावर येतं. एसी बंद करा, गाडी बंद करा, अर्धा-पाऊण तास थांबा, उशीर झाला तर होऊ दे.

बॅटरीची गंमत वेगळी आहे. डिसेंबरात सकाळी सेल्फ कुथत होता आणि आता ऊन लागल्यावर मस्त लागतोय म्हणजे बॅटरी सुधारली असं वाटतं. सुधारली नाहीये, थंडीत ऑइल घट्ट असतं आणि बॅटरी मंद असते म्हणून तिचा अशक्तपणा दिसत होता, उन्हाने तो झाकला गेला, पण बॅटरीचं खरं आयुष्य उष्णताच खाते, त्यामुळे मे-जूनमध्ये ती अचानक जाते. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी सकाळी मीटरने मोजा, १२.६ व्होल्ट म्हणजे फुल, १२.२ म्हणजे निम्मी, इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.४ दिसलं पाहिजे. टर्मिनलवर पांढरी-हिरवी पूड असेल तर आधी निगेटिव्ह काढा, कोमट पाण्यात खायचा सोडा घालून ब्रशने धुवा, कोरडं करा, व्हॅसलिन लावा, जोडताना निगेटिव्ह शेवटी. पाणी भरायची बॅटरी असेल तर फक्त डिस्टिल वॉटर, घरच्या फिल्टरचं चालत नाही.

ऑइलचं थोडक्यात. उन्हाळा आला म्हणून जाड ऑइल टाकून देतो असं कुणी म्हणालं तर नको म्हणा, मॅन्युअलमध्ये ५डब्ल्यू-३० (हा ऑइलच्या जाडीचा ग्रेड) लिहिलंय तर बारा महिने तेच, आणि बीएस-६ (प्रदूषणाच्या नव्या नियमांच्या) डिझेल गाडीला तर सायलेन्सरमधल्या फिल्टरसाठी कमी राखेचं वेगळं ऑइल लागतं, साधं टाकलं तर तो फिल्टर चोंदतो.

उंदीर! मखमलाबाद, आडगाव, गिरणारे, जिथे घराला लागून शेत आहे तिथे हमखास, थंडीत उबेला इंजिनवर येऊन बसतात, चिंध्या आणि वाळलेलं गवत आणून घर करतात आणि वायरी कुरतडतात. सायलेन्सरजवळचं हे गवत उन्हाळ्यात पेट घेऊ शकतं. टॉर्च घेऊन बॅटरीखाली आणि एअर फिल्टरच्या डब्यात बघा, आणि घाण दिसली म्हणून इंजिनवर प्रेशरने पाणी मारू नका, कनेक्टरमध्ये पाणी गेलं की नसती डोकेदुखी होते, हाताने आणि ब्रशने काढा. तसंच वायपरखालच्या जाळीत पानगळीची पानं साठतात, ती आत्ता काढली नाहीत तर जूनमध्ये पावसाचं पाणी गाडीच्या आत येतं आणि कुठून येतंय ते सापडत नाही.

रंगपंचमीला रहाडीवरून (रंगाच्या पाण्याच्या हौदावरून) येताना गाडीवर रंग पडणारच. तो सुक्या फडक्याने पुसू नका, ओरखडे पडतात, आधी भरपूर साधं पाणी ओता, मग शाम्पू, आणि सीटवर जुन्या चादरी आधीच टाकून ठेवा.

शेवटचं ब्रेकचं, कारण गडाचा घाट उतरायचाय. ब्रेक ऑइल हवेतली ओल ओढून घेतं, जुनं झालं की गरम ब्रेकमध्ये ती ओल उकळते आणि पेडल मऊ पडतं, म्हणून दर दोन वर्षांनी बदलायचं, गाडी कमी फिरली असली तरी. पॅड किती उरलेत ते बघून घ्या, हँडब्रेक सोडल्यावर चाक मोकळं फिरतंय ना तेही बघा, बरेच दिवस उभ्या राहिलेल्या गाडीचा तो अडकतो. आणि उतरताना ब्रेकवर पाय ठेवून बसू नका, न्यूट्रल तर अजिबात नको, ज्या गियरमध्ये चढलात त्याच गियरमध्ये उतरा.