जपानी ॲनिमेची डिस्क हातात येण्याआधी: चाहत्याची तयारीची यादी

सगळ्यात आधी कॅलेंडर काढा. जपानमध्ये ॲनिमे, म्हणजे जपानी ॲनिमेशनचा चित्रपट, थिएटरला लागतो तेव्हापासून त्याची डिस्क (डीव्हीडी किंवा ब्लू-रे) येईपर्यंत साधारण आठ महिने ते वर्ष जातं. ‘युअर नेम’ २६ ऑगस्ट २०१६ ला लागला आणि त्याची डिस्क आली २६ जुलै २०१७ ला. ‘डीमन स्लेयर’च्या ‘मुगेन ट्रेन’ला बरोबर आठ महिने लागले, १६ ऑक्टोबर २०२० ते १६ जून २०२१. दिग्दर्शक हायाओ मियाझाकींचा ‘द बॉय अँड द हेरॉन’ जुलै २०२३ मध्ये लागला आणि घरी आला ३ जुलै २०२४ ला. ‘इव्हँजेलियन’च्या शेवटच्या चित्रपटाने मात्र पुरती दोन वर्षं वाट पाहायला लावली, ८ मार्च २०२१ ते ८ मार्च २०२३. त्यामुळे थिएटरमधून उतरून महिना झाला नाही तोच कुणी “पुढच्या आठवड्यात डिस्क येतेय” म्हणालं, तर लगेच विश्वास ठेवू नका. आणखी एक खूण आहे. वर दिलेल्या डिस्कच्या सगळ्या तारखा बुधवारच्या आहेत. जपानी डिस्क सहसा बुधवारी निघतात, अमेरिकेतल्या मंगळवारी. त्यातही जपानमधली बरीच दुकानं माल आदल्या दिवशीच मांडतात. म्हणजे कथेतलं काही आधी कळू नये असं वाटत असेल, तर सोमवारी रात्रीच त्या चित्रपटाची आणि पात्रांची नावं फोनवर म्यूट करून टाका.

थिएटरमध्ये पाहिला, नंतर स्ट्रीमिंगवरही पाहिला, मग डिस्क कशाला, असं घरचे विचारतील. उत्तर तयार ठेवा, कारण ते खरंच चांगलं आहे. जपानी दिग्दर्शक पुष्कळदा प्रदर्शनानंतरही चित्रांवर काम करत राहतात. ‘इव्हँजेलियन’ची चार चित्रपटांची नवी मालिका ते उघडपणे नावातल्या आकड्यांतच सांगते. पहिला चित्रपट थिएटरमध्ये १.० होता, तो डीव्हीडीवर १.०१ झाला आणि ब्लू-रेवर १.११. शेवटचा भाग ऑगस्ट २०२१ मध्ये प्राइम व्हिडिओवर आला तो ३.०+१.०१, आणि डिस्कवरचा ३.०+१.११. सोबत आधी नसलेले लहान प्रसंगही जोडलेले होते. करणाऱ्यांनी शेवटी ज्या रूपात चित्रपट हातावेगळा केला, ते रूप पाहायचं म्हणून ही सगळी खटपट.

आता यादीतलं सगळ्यात महत्त्वाचं काम, रीजन कोड, म्हणजे डिस्क जगाच्या कोणत्या भागातल्या प्लेअरवर चालेल ते ठरवणारं कुलूप. ब्लू-रेच्या जगात जपान आणि अमेरिका रीजन ए मध्ये येतात, युरोप बी मध्ये आणि भारत सी मध्ये. टोकियोहून कौतुकाने मागवलेली रीजन ए ची डिस्क इथे घेतलेल्या साध्या प्लेअरमध्ये चालणार नाही, भारतात विकल्या जाणाऱ्या प्लेस्टेशनवरही नाही. डीव्हीडीचे आकडे आणखी वेगळे आहेत. जपान २, अमेरिका १, भारत ५. फोर-के यूएचडी डिस्कला मात्र रीजनचं कुलूप नसतं, म्हणून शक्य असेल तर तीच घ्या. पण त्या पेटीतली मुलाखती आणि माहितीपटांची दुसरी डिस्क बऱ्याचदा साधी ब्लू-रे असते आणि तिला कुलूप असू शकतं. ऑर्डर देण्याआधी प्रत्येक डिस्कचा रीजन वेगळा तपासा. कॉम्प्युटरच्या ड्राइव्हवर पाहणार असाल तर लक्षात ठेवा, डीव्हीडीचा रीजन पाचदाच बदलता येतो, त्यानंतर तो कायमचा अडकतो.

जपानी आवृत्ती घ्यायची की अमेरिकन, हे भाषेवर ठरवा. जपानी आवृत्तीच्या पहिल्या छपाईत पुस्तिका, सुंदर पेटी, दुकानागणिक वेगळी भेटवस्तू मिळते. ‘इव्हँजेलियन’ २.२२ च्या पहिल्या आवृत्तीत तर थिएटरमधल्या फिल्मचा खरा तुकडा दिला होता. पण इंग्रजी सबटायटल्स असतीलच असं नाही. मियाझाकींच्या जीब्ली स्टुडिओच्या जपानी डिस्कवर ती सहसा असतात, इतरांची खात्री करून घ्या. जपानी शिकणाऱ्यांना, आणि पुण्यात अशी मंडळी भरपूर आहेत, जपानी सबटायटल्स असलेली डिस्क म्हणजे अभ्यासाचं उत्तम साहित्य. इंग्रजीवर अवलंबून असाल तर सबटायटल्स मूळ जपानी संवादांची आहेत की इंग्रजी डबचीच उतरवलेली, हे विचारा. आणि विचारायची वेळ डिस्क येण्याआधीची. ‘प्रिन्सेस मोनोनोके’ची अमेरिकन डीव्हीडी नुसत्या इंग्रजी डबसह येणार होती. चाहत्यांनी सह्यांची मोहीम काढली, प्रकाशन पुढे गेलं आणि डिसेंबर २००० मध्ये डिस्क आली ती जपानी आवाज घेऊन. वितरकाला दोन ओळींचा सभ्य ईमेल नक्की पाठवा.

पैशांचं थोडक्यात. किंमत, टपालखर्च आणि कस्टम ड्युटी अशी तिन्हींची बेरीज आधीच करून ठेवा, बिल जपून ठेवा. परदेशातला कुणी नातलग सुट्टीला येणार असेल तर त्याला निदान महिनाभर आधी सांगा.

डिस्क यायच्या आधीच्या रविवारी टीव्हीपाशी बसा. यासाठी खरंच वेळ काढा. चित्रपट सेकंदाला २४ फ्रेमचा असतो, पण जपानी ॲनिमेशनमध्ये एकच चित्र दोन किंवा तीन फ्रेम धरून ठेवतात. म्हणजे सेकंदाला बारा किंवा आठच चित्रं. कुठे थांबायचं आणि कुठे एकदम वेग घ्यायचा, हे ॲनिमेटरने विचार करून ठरवलेलं असतं. टीव्हीतलं मोशन स्मूदिंग या चित्रांच्या मध्ये स्वतःची चित्रं घुसवतं आणि तो ताल पार बिघडतो, हातापायांच्या कडा वितळल्यासारख्या दिसतात. सोनीवर त्याला मोशनफ्लो म्हणतात, एलजीवर ट्रूमोशन. ते पूर्ण बंद करा. पिक्चर मोड सिनेमा किंवा फिल्ममेकर ठेवा, शार्पनेस खाली आणा, नाहीतर रेषांभोवती पांढरी किनार उमटते. चित्राच्या कडा कापल्या जात नाहीत ना, तेही बघा. मग ‘युअर नेम’चे दिग्दर्शक माकोतो शिंकाई यांच्या चित्रपटातलं एखादं संध्याकाळचं आकाश लावून पाहा. स्ट्रीमिंगवर अशा आकाशात रंगांचे पट्टे दिसतात, कारण तिथे चित्र फार दाबून पाठवतात. ब्लू-रेवर चित्राला सेकंदाला ४० मेगाबिटपर्यंत जागा असते, त्यामुळे केशरीतून जांभळा रंग कसा उतरत गेला ते नीट दिसतं.

रंग तरीही विचित्र वाटला तर लगेच टीव्हीला दोष देऊ नका. ‘स्पिरिटेड अवे’ची २००२ ची जपानी डीव्हीडी चक्क लालसर होती. प्रेक्षकांनी तक्रारी केल्या, प्रकरण कोर्टापर्यंत गेलं, आणि २०१४ च्या ब्लू-रेमध्ये ती लाली गेली. ज्यांची डिस्क आधी पोहोचते त्यांची मतं वाचा, दृश्यांची तुलना करा.

पार्सल आलं की आधी उघडतानाचा व्हिडिओ काढा. डिस्कवर ओरखडा आहे का ते उजेडात तिरकं धरून बघा. पहिल्या खेपेला चित्रपट एकसलग पाहा, अगदी शेवटच्या नामावलीपर्यंत. स्टोरीबोर्ड (प्रसंगांचे कच्चे चित्र-आराखडे) आणि मुलाखती दुसऱ्या दिवसासाठी ठेवा. पण परत करण्याची मुदत पार्सल मिळाल्या दिवसापासून मोजतात, म्हणून मुलाखतींची ती दुसरी डिस्क त्याच आठवड्यात एकदा तरी लावून बघा.