सर्कशीतला झोपाळ्यावरचा फोटो हलू नये म्हणून

बेळगाव-निपाणीकडे सर्कशीचा तंबू पडला की सगळे मोबाईल वर होतात, आणि घरी येऊन बघावं तर झोपाळ्यावरच्या कलाकाराच्या जागी नुसता पांढरा फराटा. तंबूत उजेड कमी, त्यात स्पॉटलाइट नेमका चेहऱ्यावर. फोटो काढायची परवानगी आहे ना, हे तिकीट घेतानाच विचारा. मग असं करा:

१. पहिल्या दोन-तीन झेपा फोन खिशात ठेवून बघा. झोपाळ्याचा वेग मध्ये, अगदी खाली असताना सर्वात जास्त. दोन्ही टोकांना तो क्षणभर थांबतो. फोटो तिथलाच घ्यायचा. (शिवाय पोटात खड्डा पडतो तो याच झेपांना. स्क्रीनमधून बघितलं की तो पडत नाही.)

२. स्क्रीनवर कलाकारावर बोट दाबून धरा, फोकस लॉक होतो. शेजारी सूर्याचं चिन्ह येतं, ते थोडं खाली ओढा. चेहरा पांढराफटक होत नाही. मागचं काळंकुट्ट झालं तरी चालेल, उलट छानच दिसतं.

३. टोक यायच्या किंचित आधी बर्स्ट (एकापाठोपाठ भराभर फोटो) सुरू करा. वेगळा कॅमेरा असेल तर शटरचा वेग १/५०० सेकंद, आयएसओ (उजेड टिपायची संवेदनशीलता) १६०० ते ३२००.

झूम टाळा, नंतर क्रॉप करा. पुढच्या महागड्या खुर्चीपेक्षा मागची उंच गॅलरी बरी, मान मोडत नाही.

फ्लॅश मात्र बंद म्हणजे बंद. तेवढ्या उंचीवर तो पोचत नाहीच, पण समोरच्या झोपाळ्यावर हात पकडायला लटकलेल्या माणसाचे डोळे दिपू शकतात.