बॉक्सिंगच्या इतिहासाचं पुस्तक घेण्याआधी ते कसं तपासायचं

पुस्तक हातात आलं की पहिलं पान उघडूच नका, शेवटून सुरू करा. मागे नावांची सूची आहे का, कुठली माहिती कुठून घेतली ते दिलंय का, आणि बॉक्सरच्या सगळ्या करिअरचं रेकॉर्ड छापलंय का, एवढं आधी बघायचं. मी एकदा एक जाडजूड पुस्तक ऑनलाइन मागवलं होतं, कव्हर भारी, आतले फोटो झकास, पण सूचीच नाही, त्यामुळे सॅम लँगफर्ड या जुन्या कृष्णवर्णीय बॉक्सरबद्दल काय लिहिलंय ते शोधायला अख्खं पुस्तक चाळावं लागलं, दोन संध्याकाळी गेल्या आणि हाताला लागल्या चार ओळी. तेव्हापासून सूची नसलेलं पुस्तक मी घेत नाही.

रेकॉर्ड म्हणजे नुसतं इतक्या जिंकल्या, इतक्या हरल्या असं नको. तारीख, शहर, दोघांची वजनं, किती राउंडची मॅच ठरली होती आणि कितव्या राउंडला कशी संपली, एवढं तरी पाहिजेच. वजन नसेल तर त्या आकड्यांवरून काहीच कळत नाही. 1906 मध्ये जॅक जॉन्सनने लँगफर्डला 15 राउंडमध्ये हरवलं असं वाचलं की वाटतं बरोबरीचे दोघे असतील, पण जॉन्सन लँगफर्डपेक्षा साधारण 30 पौंडांनी जड होता, आणि हे कळलं की ती मॅच वेगळीच दिसायला लागते.

आता खरी परीक्षा. सूचीत 4 जुलै 1919 ची अमेरिकेतल्या टोलेडोची मॅच शोधा, जॅक डेम्प्सी विरुद्ध तेव्हाचा हेवीवेट चॅम्पियन जेस विलार्ड. डेम्प्सी 187 पौंड म्हणजे साधारण 85 किलो, आणि विलार्ड साडेसहा फुटांचा, 245 पौंड म्हणजे 111 किलो. पहिल्याच राउंडला विलार्ड सात वेळा खाली पडला आणि तिसऱ्या राउंडनंतर स्टूलवरून उठलाच नाही, एवढं कुठलंही पुस्तक सांगेल. पण चांगलं पुस्तक सांगतं की सुरुवातीला डेम्प्सी घाई करत नाही, बाजूबाजूने फिरतो, अंदाज घेतो, मग आत शिरतो आणि पहिल्यांदा विलार्ड पडतो तो डाव्या हुकने, म्हणजे बाजूने वळवून मारलेल्या पंचने. आणि मुख्य म्हणजे हे सांगतं की समोरचा पडला की लांबच्या कॉर्नरला जाऊन उभं राहायची सक्ती तेव्हा नव्हती, त्यामुळे डेम्प्सी त्याच्या अंगाशीच उभा राहायचा आणि गुडघा जमिनीवरून सुटला रे सुटला की परत मारायचा, सात वेळा पडण्यामागे हे मोठं कारण आहे.

आपल्याकडे कुस्तीच्या गप्पा ऐकत मोठा झालेल्या माणसाला मी काय म्हणतोय ते लगेच कळेल. फडावरून आलेला जाणता म्हातारा अमक्याने तमक्याला पाडलं एवढ्यावर थांबत नाही, पट कसा काढला, ढाक लागली तेव्हा समोरच्याचा पाय कुठे होता ते सगळं सांगतो, हाताने करून पण दाखवतो. बॉक्सिंगच्या पुस्तकाने तेच करायला पाहिजे. जिथे नुसतं 'वादळासारखा तुटून पडला' असं लिहिलंय तिथे समजायचं की लेखकाने मॅचची फिल्म नीट बघितलेली नाही.

त्याच मॅचवर दुसरी परीक्षा. डेम्प्सीच्या ग्लोव्हजमध्ये प्लास्टर होतं ही गोष्ट पुस्तकात कशी आलीये ते बघा. ही गोष्ट डेम्प्सीचा जुना मॅनेजर जॅक केर्न्सच्या नावावर 1964 मध्ये छापून आली, म्हणजे मॅचनंतर जवळजवळ 45 वर्षांनी, केर्न्स वारल्यावर, आणि दोघांचं कधीच बिनसलेलं होतं. हे सगळं सांगून मग लेखक स्वतःचं मत देत असेल तर विश्वास ठेवायला हरकत नाही, नुसतं 'असं म्हणतात' लिहून पुढे गेला असेल तर पुस्तक खाली ठेवा. विलार्डचा जबडा मोडला, बरगड्या मोडल्या, दात पडले या यादीचंही तेच, कोणी सांगितलं, कधी सांगितलं, दुसऱ्या दिवशीच्या पेपरात काय होतं हे पाहिजे.

मग थेट 22 सप्टेंबर 1927 वर जा, शिकागो, सोल्जर फिल्ड, डेम्प्सी आणि तेव्हाचा चॅम्पियन जीन टनी यांची दुसरी मॅच. पडलेला दहा मोजेपर्यंत उठला नाही तर हरतो, हे लक्षात ठेवा. सातव्या राउंडला टनी पडला, डेम्प्सी सवयीप्रमाणे तिथेच उभा राहिला, पण आता लांबच्या कॉर्नरला जायचा नियम होता म्हणून रेफरी डेव्ह बॅरीने तो तिकडे जाईपर्यंत मोजायला सुरुवातच केली नाही आणि टनीला 13-14 सेकंद मिळाले. नऊच्या आकड्यावर टनी उठला आणि 10 राउंडची मॅच पॉइंटवर जिंकला. टोलेडोला जे चालत होतं तेच शिकागोला डेम्प्सीला नडलं, ही जोडणी लेखकाने केलीये का बघा. आठव्या राउंडला डेम्प्सी पडला तेव्हा बॅरीने लगेच मोजायला घेतलं, हे पण लिहिलेलं असेल तर लेखक फिल्म पुढेमागे करून बसलाय असं समजा, मला असा लेखक सापडला की फार आनंद होतो.

पण सगळ्यांची फिल्म नाही ना. हॅरी ग्रेबच्या मॅचची एकही फिल्म आज मिळत नाही. 300 च्या आसपास मॅच खेळलेला माणूस, टनीला आयुष्यात एकदाच हरवलं गेलं ते यानेच, 23 मे 1922 ला, आणि आपल्याला त्याचा मॅचमधला एक पंच बघायला मिळत नाही. अशा वेळी लेखक पेपरांवर जगतो, म्हणून तो किती पेपर वाचतो ते बघायचं. त्या काळात अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी नॉकआऊट नसेल तर अधिकृत निकालच द्यायचा नाही असा कायदा होता, न्यूयॉर्कमध्ये तर 1911 नंतर कित्येक वर्षं हेच चाललं, मग रिंगजवळ बसलेले वार्ताहर दुसऱ्या दिवशी आपापला निकाल छापायचे, आणि एकाच मॅचचे दोन पेपरात दोन निकाल यायचे. पुस्तकात असे निकाल वेगळे दाखवलेत का? सगळे एकाच ढिगात टाकले असतील तर ग्रेबचंच काय, त्या पिढीतल्या कोणाचंच रेकॉर्ड धरून चालता येणार नाही.

त्याच्या आधीच्या काळाबद्दल एकच गोष्ट तपासा. 1889 मध्ये मिसिसिपीत जॉन सलिव्हन आणि जेक किलरेन विनाग्लोव्हज 75 राउंड लढले. 75 राउंड म्हणजे किती वेळ हे लेखक समजावतो का? तेव्हा राउंड घड्याळावर नव्हता, कोणीतरी पडलं की राउंड संपला. तीन मिनिटांचे राउंड क्वीन्सबेरी नियमांचे, म्हणजे ग्लोव्हज घालून लढायच्या नियमांचे, 1867 चे.

पैशांचं प्रकरण असलंच पाहिजे, यात मी तडजोड करत नाही. 14 नोव्हेंबर 1947 ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये मिडलवेट बॉक्सर जेक लामोटा चौथ्या राउंडला बिली फॉक्सकडून हरला. 1960 मध्ये अमेरिकन सिनेटच्या कमिटीपुढे त्याने स्वतः कबूल केलं की मुद्दाम हरलो, टायटलची मॅच मिळावी म्हणून, आणि वर 20,000 डॉलर पण द्यावे लागले. 1949 मध्ये मार्सेल सेर्दानला हरवून तो चॅम्पियन झाला, त्या मॅचचं वर्णन करताना 1947 चा उल्लेख नसेल तर वाचकाला अर्धीच गोष्ट मिळते.

आणि परत लँगफर्ड. जॉन्सन 26 डिसेंबर 1908 ला सिडनीत टॉमी बर्न्सला हरवून हेवीवेटचा पहिला कृष्णवर्णीय चॅम्पियन झाला, तरी पुढे त्याने लँगफर्डला टायटलची मॅच दिलीच नाही, आणि जॉन्सननंतर तर वर्षानुवर्षं हेवीवेटच्या कुठल्याच चॅम्पियनने कृष्णवर्णीयाला ती दिली नाही, 1937 मध्ये जो लुई चॅम्पियन होईपर्यंत. लँगफर्ड आणि त्याच्यासारखाच कृष्णवर्णीय हॅरी विल्स एकमेकांशी परत परत लढत राहिले कारण दुसरं कोणी सहसा उभं राहायला तयार नसायचं, आणि लँगफर्डची नजर शेवटी गेली. फक्त चॅम्पियनची यादी धरून लिहिलेल्या पुस्तकात हा माणूस कुठेच बसत नाही. म्हणून मी सूचीत सगळ्यात आधी त्याचंच नाव शोधतो.

फोटोंखाली तारीख आणि गाव आहे का तेवढं बघा, बाकी फोटो नेटवर मिळतात.

ऑनलाइन घेत असाल तर सँपल पानांमध्ये मागची पानं दिसतात का बघा, दिसत नसतील तर विकणाऱ्याला मेसेज करून फक्त सूचीच्या पानांचा फोटो मागा, जुनी पुस्तकं विकणारे लोक बऱ्याचदा पाठवतात. फोटो आला की एल अक्षरावर जा, लँगफर्डच्या नावापुढे किती पानांचे आकडे आहेत ते मोजा, आणि मग पैसे भरा.