परदेशी देणगी स्वीकारताना या चुका टाळा

स्वयंसेवी संस्थांचे हिशेब पाहताना एक समजूत मला वारंवार आढळते: देणगीदार ओळखीचा आहे आणि काम चांगले आहे, तेव्हा पैसे घ्यायला हरकत नाही. 2010 चा विदेशी अंशदान (विनियमन) कायदा, म्हणजेच एफसीआरए, मात्र ओळख पाहत नाही, देणाऱ्याचे नागरिकत्व पाहतो. भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी व्यक्तीने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली रक्कम परदेशी देणगी ठरत नाही. तिने अमेरिकेचे नागरिकत्व घेतले, की ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड असले आणि रक्कम रुपयांत दिली, तरीही ती परदेशी देणगीच ठरते.

मराठवाड्यात ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी वसतिगृह चालवणाऱ्या एका संस्थेला न्यू जर्सीत स्थायिक झालेल्या गृहस्थांनी छपरासाठी पैसे दिले आणि ‘ते आपल्याच गावचे’ म्हणून विश्वस्तांनी ते स्थानिक खात्यात भरले. पुढे एफसीआरए नोंदणीसाठी जुने हिशेब काढले, तेव्हा देणगीदाराचा पासपोर्ट अमेरिकेचा असल्याचे उघड झाले. दंड भरून प्रकरण मिटेपर्यंत नोंदणी रखडली आणि प्रकल्पाला पैसे देऊ केलेल्या परदेशी संस्थेने हात काढून घेतला. छप्पर झाले, पण मुलांच्या शिक्षकांचा पगार गेला, याचे मला आजही वाईट वाटते. म्हणून पासपोर्टची प्रत हाती आल्याशिवाय मी पावती फाडू देत नाही.

दुसरी चूक पैसे पुढे देण्याची. 2020 च्या दुरुस्तीने एका संस्थेने परदेशी निधी दुसऱ्या संस्थेला देणे बंद केले. परदेशी देणगीदारापर्यंत स्वतः पोहोचू न शकणाऱ्या तालुक्यातील लहान गटांवर हा अन्याय आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. तरीही त्या गटाला ‘सल्लागार’ दाखवून बिले लावण्याची पळवाट मला अजिबात मान्य नाही, कारण चौकशीत आधी तो लहान गटच भरडला जातो. मोठ्या संस्थेने कार्यकर्ते स्वतःच्या पटावर घ्यावेत आणि खर्च स्वतःच करावा.

परदेशी देणगीतून करायच्या प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 टक्क्यांवरून 20 टक्क्यांवर आली आहे, हे अंदाजपत्रक करतानाच लक्षात घ्या. वार्षिक विवरण 31 डिसेंबरपर्यंत भरा. विश्वस्त बदलले, तर केवळ धर्मादाय आयुक्तांकडे बदल अर्ज देऊन थांबू नका, गृह मंत्रालयालाही कळवा.

नोंदणीसाठी लागणारी तीन वर्षेही संस्थेला झालेली नसताना ती ‘करून देणाऱ्या’ एजंटाकडे धावणाऱ्यांनी ठरावीक देणगीदार आणि ठरावीक कामासाठी मिळणाऱ्या पूर्वपरवानगीचा अर्ज स्वतः भरावा.