कार्डाच्या मागे तीन शब्द

मार्केटिंग कॉन्फरन्सहून परतताना पर्समध्ये पंचवीस-तीस व्हिजिटिंग कार्डं असतात आणि चार दिवसांनी त्यातला एकही चेहरा आठवत नाही. पहिल्या दोन वेळा माझं हेच झालं. आता कार्ड हातात पडलं की जरा बाजूला होते आणि मागे खरडते: ‘सांगली, हळद, पाऊच’. गुळगुळीत लॅमिनेटेड कार्डावर जेल पेन फासतं, म्हणून सीडीवर लिहायचं बारीक मार्कर जवळ ठेवते.

हे ‘घरी गेल्यावर बघू’ म्हणून ठेवू नका. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी स्वतःवरच प्रयोग करून १८८५ साली मांडलं होतं की पाठ केलेल्यातलं बरंचसं पहिल्या काही तासांतच विसरतं.

भाषणं चुकली तरी फार बिघडत नाही, स्लाइड्स बहुतेकदा नंतर मिळतात. चहाच्या रांगेत मात्र कुणाची जाहिरात सपशेल आपटली हेही कळतं, आणि ते स्टेजवर कुणी सांगत नाही!

त्याच रात्री पाच जणांनाच व्हॉट्सॲप करा. ब्रोशर जोडू नका. ‘नमस्कार, दुपारी हळदीच्या पाऊचबद्दल बोललो होतो. अर्धा किलोचा नमुना पाठवू का?’ एवढं लिहिलं तरी उत्तर येतं.