थर्मोस्टॅट हुशार, बेडरूम भट्टी : या चुका टाळा

एप्रिल लागला की माझा फोन सुरू होतो. "भाऊ, एसी-कूलर सगळं ॲपवर घेऊन स्मार्ट केलं, पण खोली थंडच होऊन नाही राहिली." सोबत ॲपचे सात-आठ स्क्रीनशॉट. मी एकच विचारतो, तापमानाचा सेन्सर कुठे लावला? मग पलीकडे शांतता. ॲपचा रंग कोणता ठेवायचा यावर दोन दिवस घालवलेला माणूस सेन्सरच्या जागेवर दोन मिनिटंही घालवत नाही, हा माझा दरवर्षीचा अनुभव.

सेन्सर दिसेल तिथे, की बरोबर तिथे?

पश्चिमेच्या भिंतीवर नको. नागपुरात मे महिन्यात ती भिंत दिवसभर तापते आणि रात्री अकरापर्यंत ऊब सोडत राहते. टीव्हीच्या मागे नको, फ्रिजवर नको, एसीच्या थेट झोतात तर नकोच. एवढं बहुतेकांना सांगून पटतं. जे सुचत नाही ते भिंतीच्या आत असतं.

त्रिमूर्तीनगरात वरच्या मजल्यावरचा एक फ्लॅट. नवरा-बायको रात्री ब्लँकेट ओढून झोपत होते, आणि भिंतीवरचा थर्मोस्टॅट, म्हणजे तापमान बघून एसी चालू-बंद करणारी डबी, ३१ दाखवत एसीला पळवतच होता. आधी आलेला मेकॅनिक दोनदा गॅस भरून पैसे घेऊन गेलेला. दुसऱ्या कुणीतरी सगळं रीसेट करून नव्यानं जोडलेलं. मी गेलो, थर्मोस्टॅट भिंतीवरून उचलला आणि मागच्या पेटीवर हात धरला. कंड्युटच्या, म्हणजे वायरच्या पाइपच्या, तोंडातून गरम वारा येत होता. ती पाइप थेट गच्चीच्या स्लॅबमधून खाली उतरलेली, म्हणजे सेन्सर खोलीची नाही, स्लॅबची हवा मोजत होता. वायरभोवती पुट्टी दाबून तोंड बंद केलं. चहा होईपर्यंत आकडा २६ वर आला. काकू म्हणाल्या, "बस, एवढंच होतं का?" एवढंच होतं. पण त्यासाठी आधी तो उचलून बघावा लागतो.

आकडा दिसला म्हणून तो खरा असतोच असं नाही, हे आपल्या गावाला तरी सांगावं लागू नये. मे २०२४ मध्ये इथल्या एका स्वयंचलित हवामान केंद्रानं ५६ अंश दाखवले होते. देशभर बातमी झाली. नंतर सेन्सरच बिघडल्याचं हवामान खात्यानं सांगितलं. तिथे होऊ शकतं, तर तुमच्या स्वस्तातल्या डीएचटी ११ सेन्सरचं काय घेऊन बसलात? त्याची अचूकताच दोन अंश इकडे-तिकडे. त्यावर एसी चालवायचा म्हणजे अंदाजपंचे. निदान डीएचटी २२ घ्या, जमलं तर एसएचटी ३१.

माझी सवय अशी की स्क्रू मारायच्या आधी सेन्सर आठ दिवस नुसत्या टेपनं चिकटवतो आणि शेजारी एक साधा थर्मामीटर टांगतो. बेडरूममध्ये उशीच्या उंचीवर, कारण झोपणारा माणूस तिथे असतो, दाराजवळच्या स्विचबोर्डापाशी नसतो. ग्राहक वैतागतात. वैतागू द्या.

दोन झोन, चार डॅम्पर आणि एक पीओपी

डक्टेबल एसीला, म्हणजे एकाच मशीनची हवा डक्टमधून सगळ्या खोल्यांत नेणाऱ्या एसीला, डॅम्पर (डक्टमधली उघडझाप करणारी झडप) लावून खोल्यांचे झोन करायचं वेड हल्ली बंगल्यांत वाढलं आहे. कल्पना चांगली. घोटाळा तेव्हा होतो, जेव्हा कोणी ठरवतो की ज्या खोलीत माणूस तीच उघडी, बाकी सगळ्या बंद.

मनीषनगरच्या एका बंगल्यात साडेपाच टनाचं युनिट, हॉल आणि तीन बेडरूम. पुण्याहून आलेल्या मुलानं दोन दिवसांत मोशन सेन्सर लावून ऑटोमेशन लिहिलं आणि परत गेला. रात्री आईवडिलांची एक बेडरूम तेवढी उघडी. सहाव्या दिवशी सकाळी हॉलचं पीओपी फुगलं, दुपारी त्याचा तुकडा सोफ्यावर पडला. वडिलांना वाटलं, गच्ची गळते. मे महिन्यात!

हिशेब साधा आहे. एका टनाला मिनिटाला साधारण ४०० घनफूट हवा लागते, म्हणजे साडेपाच टनाला २२००. एका बेडरूमची डक्ट त्यातली चारशे घेईल फार तर. उरलेली हवा जायला जागा नाही, हवा थंड करणाऱ्या कॉइलवरून वारा पुरेसा फिरत नाही, कॉइल शून्याखाली जाते आणि तिच्यावर बर्फ धरतो. मशीन बंद झालं की बर्फ वितळतो, ट्रे भरून वाहतो, आणि खाली पीओपी असतं.

तिथे मी हॉलचा डॅम्पर कधीच चाळीस टक्क्यांखाली जाऊ नये असं बांधून टाकलं आणि एका वेळी किमान दोन बेडरूम उघड्या राहतील असा नियम घातला. शिवाय डॅम्पर पूर्ण उघडायला दीड-दोन मिनिटं लागतात. तेवढं थांबूनच कॉम्प्रेसर. बंद करताना उलट क्रम. मुलाचा फोन आला, "काका, यानं वीज वाचणार नाही." मी म्हटलं, पीओपीवाल्याचं बिल पाठवू का?

कूलर आणि एसी एकाच नियमावर

हे खास आपल्याकडचं दुखणं. हॉलमध्ये कूलर, बेडरूममध्ये एसी, आणि दोघांनाही एकच नियम : तापमान ३० च्या वर गेलं की चालू. मेमध्ये हे चालून जातं. बाहेर ४५ अंश, आर्द्रता १५ टक्के असली तर वेट बल्ब तापमान, म्हणजे नुसत्या पाण्यानं हवा जास्तीत जास्त जिथवर थंड होते तो आकडा, २४ च्या आसपास येतं, आणि बरा कूलर २९-३० अंशांची हवा देतो. जुलैत ३२ अंश आणि ८० टक्के आर्द्रता असताना तोच कूलर जेमतेम दोन अंश खाली आणतो आणि वर घाम चिकटवतो. म्हणून कूलरच्या नियमात आर्द्रतेची अट हवीच. मी ५५ टक्क्यांवर पंप बंद करतो, पंखा चालू ठेवतो. आणि कूलरला खिडकी उघडी लागते, एसीला बंद. मधल्या दाराला एक सेन्सर लावला नाही तर रात्रभर कूलर ओल भरतो आणि एसी ती उपसत बसतो.

बाकीच्या चुका भराभर सांगतो.

अमेरिकी व्हिडिओ बघून थर्मोस्टॅट मागवू नका. तिकडचे बहुतेक २४ व्होल्टवर चालतात, आपल्याकडच्या फॅन कॉइलच्या (पंखा आणि कॉइल असलेल्या आतल्या युनिटच्या) लाइनवर २३० असतात. एका हौशीनं जोडला, फट्ट आवाज आला, संपलं.

एसीला सहा अँपिअरचा स्मार्ट प्लग लावणाऱ्यांशी मी बोलत नाही. सोळाचा लावून मधूनच सप्लाय तोडणाऱ्यांशीही नाही. एसी रिमोटच्या भाषेत बंद करा.

१६ वर ठेवलं की लवकर थंड होतं, हा भ्रम. साध्या कॉम्प्रेसरचा वेग एकच असतो. २०२० पासून स्टार लेबलचे रूम एसी २४ वर सुरू होतात, तेही उगीच नाही.

होम असिस्टंट या घर-ऑटोमेशनच्या सॉफ्टवेअरमधल्या जेनेरिक थर्मोस्टॅटमध्ये चालू-बंदचा फरक मुळात ठरवलेल्या तापमानाच्या वर-खाली ०.३ अंश असतो. तसाच सोडला तर मशीन उचक्या देत राहतं. मी तो १ करतो आणि एकदा चालू किंवा बंद झाल्यावर तसंच राहायचा किमान वेळ पाच मिनिटं ठेवतो.

लाइट जाऊन आली की तीन एसी एकाच सेकंदाला उठतात आणि एमसीबी पडतो. दोन-दोन मिनिटांचं अंतर टाका. राउटर इन्व्हर्टरवर घ्या, नाहीतर लाइट आल्यावर घराचा मेंदू पाच मिनिटं बेशुद्ध.

आणि रिमोट

इन्फ्रारेडचा कारभार एकतर्फी. ब्लास्टर, म्हणजे ॲपच्या सांगण्यावरून रिमोटचं काम करणारी डबी, आज्ञा सोडतो, एसीनं ऐकली की नाही हे त्याला कळत नाही. एसीचा रिमोट निदान दर वेळी तापमान, मोड, पंखा असं सगळं एकदम पाठवतो; कूलरच्या बहुतेक रिमोटला चालू-बंदचा एकच कोड, त्यामुळे एक आज्ञा हुकली की पुढचं सगळं उलटं. त्यात घरातल्या आजींनी दुपारी रिमोटनं एसी बंद केला तर ॲप संध्याकाळपर्यंत "चालू" म्हणत बसतं. मी एसीच्या तोंडाशी एक छोटा सेन्सर डकवतो. बाहेर पडणारी हवा खोलीपेक्षा आठ-दहा अंश थंड असेल तर कॉम्प्रेसर चालू, नाहीतर नाही. ॲपचं म्हणणं मी विचारतच नाही.

आजींकडून रिमोट काढून घ्या, असा सोपा उपाय सुचवणारेही भेटतात. त्यांनी तो आधी आजींना सांगून बघावा. मी बाहेर गाडीपाशी थांबतो.